हवामान बदल : कोण शिकवते, कोण शिकते?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची पद्धत शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजच्या सत्राचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा आपल्यातल्या दोघीतिघींनी मला चहाच्या वेळी सरळ विचारले, "अगं, मारहाणीच्या केसेस रांगेत उभ्या आहेत, पोटगीचे दावे वर्षानुवर्षे पडून आहेत, त्यात हे हवामान बदलाचे कुठून काढलंस?" प्रश्न रास्त आहे, त्यामुळे आधी त्याचेच उत्तर द्यायला हवे.

हा विषय मी काढलेला नाही, तो आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. गेल्या काही वर्षांत आपल्यासारख्या संघटनांकडे अशी विचारणा सारखी होते, की तुमच्या गटातल्या महिलांना हवामान बदलाबद्दल जागृत करा. कुणी तयार फलकांचे प्रदर्शन देऊ करते. कुणी ऑनलाइन अभ्यासक्रमाची लिंक पाठवते आणि शंभर बायकांची नावे मागते. कुणी निधीही देऊ करते. आपल्यातल्या काही गटांनी हो म्हटले, काहींनी नाही म्हटले. का हो आणि का नाही, याची चर्चा मात्र आपण एकत्र बसून केलेली नाही. ती आज व्हावी म्हणून मी माझी मांडणी तुमच्यापुढे ठेवते आहे. माझे मत आधीच सांगते. हे काम आपण घ्यावे, पण आपल्या अटींवर.

हा प्रश्न आपला आहे का?

आपल्याच राज्यातल्या काही तारखा आठवू या. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली, ऐंशीहून जास्त माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर तेच संकट आले. त्याआधी १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात एका सरकारी पुरस्कार सोहळ्याला भर उन्हात बसवलेल्या लोकांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले.

या सगळ्याला हवामान बदल एवढे एकच कारण आहे असे मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. दरड कोसळते तेव्हा डोंगर कुणी पोखरला, वस्ती तिथे का राहिली, पुनर्वसनाचा कागद कुठे अडकला, हे प्रश्न असतातच. पण पावसाची जात बदलली आहे, ही गोष्ट आता अभ्यासाने सिद्ध झाली आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. उन्हाचेही तसेच. २०२४ हे नोंदींमधले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. जागतिक हवामान संघटनेच्या हिशेबाने त्या वर्षीचे पृथ्वीचे सरासरी तापमान औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे दीड अंशाने जास्त होते.

आता हे सगळे बाईच्या वाट्याला कसे येते ते पाहा. पत्र्याच्या खोलीत दुपारी स्वयंपाक कोण करते? नळाला पाणी कमी आले की रांगेत कोण उभे राहते? कामाच्या ठिकाणी संडास नाही म्हणून उन्हातही पाणी न पिणारी कोण? पुरात घर गेल्यावर निवारा छावणीत पाळी कशी काढायची, रात्री अंधारात बाहेर कसे जायचे, हे प्रश्न कोणाचे? पंचनाम्याचे पाहा. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांमध्ये स्त्रिया जेमतेम १४ टक्के आहेत. शेतात राबणाऱ्यांत मात्र त्या कितीतरी जास्त आहेत. पीक बुडाले की नुकसानभरपाई सातबाऱ्यावरच्या नावाला मिळते. राबणारीचे नाव तिथे नसेल तर पीक तिचे बुडते आणि पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. १९९० च्या आसपास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा मुद्दा हाच होता. तो अजून सुटलेला नाही आणि बदलत्या पावसाने त्याला नवी धार आणली आहे.

बीडचे उदाहरण तुम्हाला ठाऊक आहे. ऊसतोडणीला जाणाऱ्या बायकांची गर्भाशये काढली जात असल्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला. सरकारी पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे पुढे आले. दुष्काळामुळे स्थलांतर होते, स्थलांतरामुळे उचल घ्यावी लागते, उचल फेडायची म्हणून पाळीतही सुट्टी घेता येत नाही, आणि मग पोटातला अवयवच अडचणीचा वाटू लागतो. या साखळीत पावसाची एक कडी आहे. पण मुकादम, कारखाना, खाजगी डॉक्टर आणि सिंचनाचे राजकारण याही कड्या आहेत. सगळे खापर आभाळावर फोडले की माणसांनी केलेला अन्याय सुटून जातो. म्हणूनच हवामान बदलाचे शिक्षण फक्त शास्त्रज्ञांवर, कंपन्यांवर किंवा सरकारवर सोपवून चालणार नाही. साखळीतल्या सगळ्या कड्या दाखवणारे कुणीतरी हवे, आणि ते काम आपण इतकी वर्षे करत आलो आहोत.

संग्रहालयाचा दरवाजा

लोकांना हवामान बदल शिकवण्याचे दोन मार्ग सध्या जगभर पुढे आहेत, एक संग्रहालयांचा आणि दुसरा ऑनलाइन अभ्यासक्रमांचा. आधी संग्रहालयांकडे वळू.

जर्मनीत ब्रेमरहाफेन येथे २००९ मध्ये 'क्लिमाहाउस' उघडले. तिथे आठव्या पूर्व रेखांशावरून पृथ्वीप्रदक्षिणा घडते. बर्फात थंडी वाजते, नायजरच्या वाळवंटात घाम फुटतो, सामोआच्या बेटावर दमटपणा जाणवतो. हाँगकाँगच्या चिनी विद्यापीठात २०१३ मध्ये केवळ हवामान बदलाला वाहिलेले संग्रहालय सुरू झाले. न्यूयॉर्कच्या हवामान संग्रहालयाची स्थापना मिरांडा मासी या बाईंनी केली. त्या मुळात नागरी हक्कांच्या वकील. २०१२ च्या सँडी वादळाने शहराची झालेली दशा पाहून त्या या कामाकडे वळल्या. हक्कांच्या लढाईतून आलेल्या बाईला संग्रहालय काढावेसे वाटले, हे मला लक्षात ठेवण्यासारखे वाटते.

आपल्याकडे २०१५ ते २०१७ या काळात 'सायन्स एक्स्प्रेस' ही सोळा डब्यांची प्रदर्शनगाडी हवामान बदलाचा विषय घेऊन देशभर फिरली. स्टेशनात दोनचार दिवस उभी राहायची, प्रवेश मोफत असायचा, शाळांच्या रांगा लागायच्या. लोकांनी संग्रहालयाकडे जाण्याऐवजी संग्रहालय लोकांकडे आले, ही त्यातली चांगली गोष्ट. पण पाहायला आलेले बहुतेक विद्यार्थी असत. मजुरीवर गेलेली आई तिथे कशी पोहोचणार?

मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या तीसएक बायकांना घेऊन आम्ही एका मोठ्या विज्ञान संग्रहालयात गेलो होतो. संस्थेचे नाव घेत नाही, कारण प्रश्न एका संस्थेचा नाही. घरकामाच्या बायकांना रविवारीच सुट्टी मिळते, तीही अर्धी. त्यात तिकीट, बसभाडे आणि बुडालेला अर्धा दिवस. आत गेल्यावर हवामानाच्या दालनातला मजकूर इंग्रजी आणि हिंदीत, मराठी अगदी तुटपुंजे. पाट्या वाचता येणाऱ्या मुली पुढे आणि आया मागे, अशी रांग आपोआप पडली. वितळणारा बर्फ आणि अस्वल यांची चित्रे सगळ्यांनी भक्तिभावाने पाहिली. मग एक वयस्कर मावशी म्हणाल्या, "ताई, इथे सगळ्या जगाचा उन्हाळा आहे. आमच्या पत्र्याचा कुठाय?"

या एका वाक्यात सगळी टीका आली. बर्फ वितळतो हे खोटे नाही, ते सांगायलाच हवे. पण ज्या बाईच्या खोलीत मे महिन्यात रात्री अकरा वाजताही भिंत हाताला चटका देते, तिला तिचा पत्रा त्या दालनात दिसला नाही तर विषय तिच्यापासून दूरच राहतो. आपल्या संग्रहालयांतून चुली, जाती, अडकित्ते, समया ही बायकांच्या हातातली भांडीकुंडी असतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा वस्तूंचे अपूर्व भांडार आहे. वस्तू जपल्या जातात ही मोलाची गोष्ट आहे. त्या वस्तूंमागचे श्रम, आणि त्या श्रमांतून आलेले पाणी, बी, धान्य, सरपण यांचे ज्ञान, हेही असेच जपण्याजोगे आहे. ते बोलायला लावणे हे पुढचे काम.

आणि ते होऊ शकते. तेलंगणात झहीराबादच्या परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांतल्या दलित शेतकरी बायका दरवर्षी संक्रांतीच्या सुमारास बैलगाड्या सजवून त्यांत जुन्या वाणांचे बियाणे मांडतात आणि गावोगाव यात्रा नेतात. लोक बी पाहतात, हातात घेतात, कमी पावसात काय येते यावर बोलतात. आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांची बीजबँक तुम्ही ऐकून आहात, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या त्या बाई पाहुण्यांना एकेका वाणाचा गुण सांगतात. याला संग्रहालय म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? फरक एवढाच, की इथे मांडणारी आणि सांगणारी बाई स्वतः आहे.

पैसा कुणाचा?

संग्रहालयांबद्दल आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण आपल्यापुढच्या निर्णयाशी तिचा थेट संबंध आहे. लंडनच्या सायन्स म्युझियमने २०२१ मध्ये हवेतला कार्बन शोषून घेण्याच्या उपायांवर प्रदर्शन भरवले. त्याचा प्रायोजक होती शेल ही तेल कंपनी. कंपनीच्या नावाला बाधा येईल असे काही संग्रहालयाने बोलू नये, अशी अट करारात होती, हे पुढे उघडकीला आले. त्याच वर्षी नव्या ऊर्जा दालनासाठी अदानी ग्रीन एनर्जीचे प्रायोजकत्व जाहीर झाले, तेव्हा हाना फ्राय आणि जो फॉस्टर या दोन विश्वस्त बायकांनी राजीनामे दिले. कोळशाचा व्यवसाय करणाऱ्या उद्योगसमूहाचे नाव हवामानाच्या दालनावर नको, असा आक्षेप अनेकांनी घेतला. ते दालन २०२४ मध्ये उघडले, त्याच नावाने.

प्रायोजकाचा पैसा घेतला की सगळे खोटेच सांगितले जाते, असे नाही. शास्त्राचा मजकूर बरोबर असू शकतो. पण काय सांगायचे नाही, हे ठरते. मग उपाय म्हणून एलईडी दिवा दिसतो, कापडी पिशवी दिसते, नळ बंद करणारी बाई दिसते, आणि खाण, कारखाना, महामार्ग दिसत नाहीत. आपल्याकडे येणारी फलकांची प्रदर्शने पाहा. दहातल्या आठ चित्रांत झाड लावणारी, चूल बदलणारी, कचरा वेगळा करणारी बाईच असते. बिघडवले कुणी, हे कुठेच नाही.

यात आकडे पाहणे उपयोगी पडते. वर्षाला माणशी कार्बन डायऑक्साइडचा हिशेब केला तर अमेरिकेत तो सुमारे १४ टन पडतो, भारतात सुमारे २ टन. आणि ही २ टनांची सरासरी आहे. वातानुकूलित घरात राहून विमानाने फिरणारा माणूस आणि डोक्यावरून सरपण वाहणारी बाई या दोघांना एकत्र भागून ती आली आहे. "आपण सगळेच जबाबदार" हे वाक्य ऐकायला नम्र वाटते, पण हिशेबात ते चुकीचे आहे.

फोनवरची शाळा

आता ऑनलाइन अभ्यासक्रमांकडे येऊ. इंग्लंडच्या एक्झेटर विद्यापीठाने २०१४ मध्ये हवामान बदलाचा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड विद्यापीठाने २०१५ मध्ये हवामान विज्ञान नाकारणाऱ्यांचे युक्तिवाद कसे ओळखावेत, यावर अभ्यासक्रम काढला. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था मिळून चालवतात तो 'यूएन सीसी लर्न' हा उपक्रम २००९ पासून आहे, त्यात स्त्रिया आणि पर्यावरण यांवरही अभ्यासक्रम आहे. आपल्या सरकारचे 'स्वयम' हे व्यासपीठ २०१७ पासून आहे. मी स्वतः असे दोन अभ्यासक्रम पूर्ण केले आहेत. समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात मला हे कुणी शिकवले नव्हते, आणि रात्री घरचे झोपल्यावर फोनवर बसून ते शिकता आले, याचा मला फायदा झाला. त्यामुळे या साधनाला मी नावे ठेवणार नाही.

पण त्याची मर्यादा पाहा. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या नोंदी तपासून २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक लेख आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी अभ्यासक्रम पूर्ण करणारे जेमतेम ३ टक्के होते, आणि शिकणारे बहुसंख्य सुखवस्तू देशांतले होते. सर्वांना खुले म्हणून जे सुरू झाले, ते आधीच शिकलेल्यांच्या हाती गेले.

आपल्याकडची स्थिती राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, दिसते. आयुष्यात कधी तरी इंटरनेट वापरले असे सांगणाऱ्या स्त्रिया देशात ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. महाराष्ट्रात स्त्रिया ३८ टक्के, पुरुष सुमारे ६१ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५४ टक्के. तेव्हापासून फोन वाढले आहेत. पण फोन घरात असणे आणि तो बाईच्या हाती असणे यांतला फरक आपल्याला केसेसमधून रोज दिसतो. 'कुणाशी बोलतेस' या संशयावरून फोन फोडल्याच्या तक्रारी आपण लिहून घेतो. त्या घरात बाईने दुपारी तासभर फोन हातात धरून हवामानशास्त्र शिकावे, ही अपेक्षा कागदावरच राहते.

त्यावर आमच्या गटाने काढलेला मार्ग साधा आहे. अकरा बायका, एक फोन, एक छोटा स्पीकर आणि दुपारी दोन ते तीन ही वेळ. मी आधी रात्री बसून त्या आठवड्याचा धडा पाहून ठेवते. मग पाच मिनिटे चित्रफीत चालवायची, थांबवायची, मराठीत सांगायचे आणि बोलायचे. एक तासाचा धडा तीन बैठका घेतो. प्रमाणपत्र कुणालाच मिळत नाही, कारण एका फोनवर एकाच नावाची नोंद होते. पण अकराच्या अकरा जणी शेवटपर्यंत आल्या. घरी अडवणूक झाली नाही, कारण बाई एकटी फोन घेऊन बसलेली नव्हती, गटाच्या बैठकीला गेली होती.

शिकवायचे काय?

एका उदाहरणाने सांगते. पृथ्वी का तापते? आम्ही गोधडीपासून सुरुवात केली. गोधडी स्वतः ऊब तयार करत नाही. आपल्या अंगाची ऊब ती बाहेर जाऊ देत नाही. जमीन उन्हाने तापते आणि ती उष्णता परत आभाळाकडे सोडते. वातावरणातले काही वायू ती अडवून धरतात. ही गोधडी मुळीच नसती तर पृथ्वी गोठली असती. म्हणजे गोधडी हवीच. पण दीडदोनशे वर्षे कोळसा आणि तेल जाळून आपण तिच्यावर थर चढवत गेलो. औद्योगिक काळापूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. एवढे सांगितल्यावर एकीने विचारले, "मग रात्री पण उकडतं ते त्यामुळेच का?" त्यामुळेही, आणि वस्तीतल्या सिमेंट-पत्र्याने दिवसभर साठवलेल्या उष्णतेमुळेही. दोन्ही कारणे सांगायची. अर्धवट सांगितले की पुढे कुणी तरी खोडून काढते आणि बाईचा विश्वास जातो.

खारघरची बातमी आम्ही याच बैठकीत घेतली. त्या दिवशी तिथले तापमान विदर्भातल्या मे महिन्याएवढे नव्हते. मग माणसे का गेली? हवा दमट असली की घाम सुकत नाही आणि अंग थंड होत नाही. त्यात कित्येक तास सावलीशिवाय बसणे. टीव्हीवरचा अंशांचा आकडा पुरेसा नाही, हे किनाऱ्याजवळच्या बाईला कळणे जीव वाचवणारे आहे.

बायकांची नावेही सांगायची. अमेरिकेतल्या युनिस न्यूटन फूट यांनी १८५६ मध्ये काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ते उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडचे नळकांडे सर्वांत जास्त तापते, असे नोंदवले. वातावरणात हा वायू वाढला तर पृथ्वी अधिक तापेल, हेही त्यांनी लिहिले. विज्ञान परिषदेत त्यांचा निबंध एका पुरुष शास्त्रज्ञाने मांडला. श्रेय पुढे जॉन टिंडल यांना मिळाले. त्यांचे १८५९ पासूनचे प्रयोग अधिक नेमके होते हे खरे, पण फूटबाईंचे नाव २०११ पर्यंत जवळजवळ विसरले गेले होते. याच बाईंनी १८४८ मध्ये सेनेका फॉल्सच्या स्त्रीहक्कांच्या जाहीरनाम्यावर सही केली होती. आपल्या जवळचे उदाहरण अ‍ॅना मणी यांचे. १९४८ पासून पुण्याच्या हवामान खात्यात काम करून त्यांनी हवामान मोजण्याची उपकरणे देशात बनवण्याचा पाया घातला आणि सूर्यकिरणांच्या मोजमापाची केंद्रे उभारली. एम.एस्सी. नाही म्हणून त्यांना पीएच.डी. नाकारली गेली होती. या दोन गोष्टी सांगितल्या की विज्ञान हे पुरुषांचे आणि परदेशातले, ही भीती उतरते.

पण एक पथ्य पाळायचे. 'बाई म्हणजे निसर्ग, तिनेच तो राखावा' ही भाषा आपण वापरायची नाही. बीना अगरवाल यांनी १९९२ मध्येच दाखवले आहे, की ग्रामीण स्त्रीचे जंगल-पाण्याशी असलेले नाते तिच्या कामातून आणि मालकीहक्काच्या अभावातून घडते, तिच्या स्वभावातून नव्हे. राखण्याचे काम बाईला आणि हक्क दुसऱ्याला, ही वाटणी आपल्याला नवी नाही. ती हवामानाच्या नावाने परत येऊ द्यायची नाही.

शिक्षणाने काय होते?

कुणी म्हणेल, समजून काय होणार? आपल्याच चळवळीचा इतिहास आठवा. १९८७ चा भारत जनविज्ञान जथा गाणी-नाटके घेऊन देशभर फिरला. त्यातून साक्षरता मोहिमा उभ्या राहिल्या. आंध्रातल्या नेल्लोर जिल्ह्यात साक्षरतेच्या वर्गात बायकांनी दारूने उद्ध्वस्त झालेल्या घराची गोष्ट वाचली. ती गोष्ट त्यांच्या घरची होती. दुबगुंटा गावच्या बायकांनी दारूचे दुकान बंद पाडले, १९९२ मध्ये आंदोलन जिल्हाभर आणि मग राज्यभर पसरले, आणि १९९३ मध्ये सरकारला अराकवर बंदी घालावी लागली. पुढे आलेली संपूर्ण दारूबंदी टिकली नाही, हेही खरे. पण धडा आणि लढा यांतले अंतर किती कमी होते ते पाहा. धड्यात स्वतःचे घर दिसले, वाचणाऱ्या एकट्या नव्हत्या, आणि जाब कुणाला विचारायचा हे स्पष्ट होते. या तीन गोष्टी आपल्या हवामानाच्या शिक्षणात आहेत का, हे प्रत्येक प्रस्तावाला विचारायचे.

म्हणून माझ्या अटी तीन आहेत. पहिली, शिक्षण मराठीत किंवा त्या भागातल्या बोलीत, गटात बसून आणि गावच्या अनुभवापासून सुरू झाले पाहिजे. शंभर नावे आणि शंभर प्रमाणपत्रे हा आपला हिशेब नसेल. दुसरी, पैसा कुणाचा हे फलकावर लिहायचे आणि मजकुराचा शेवटचा शब्द आपला असेल, हे आधी कागदावर घ्यायचे. देणाऱ्याला ते मान्य नसेल तर निधी परत करायचा. तिसरी, प्रत्येक धड्याचा शेवट एका मागणीत झाला पाहिजे, आणि ती मागणी ग्रामसभेत किंवा वॉर्ड ऑफिसात पोहोचली पाहिजे.

कामाला सुरुवात करायला फार भांडवल लागत नाही. जुन्या साड्यांच्या पट्ट्यांची गोधडी शिवता येईल. एड हॉकिन्स या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञाने २०१८ मध्ये दर वर्षाच्या तापमानाला एक रंगीत पट्टी अशी मांडणी केली, थंड वर्षाला निळी आणि उष्ण वर्षाला लाल. तीच कल्पना आपल्या जिल्ह्याच्या नोंदी घेऊन गोधडीत उतरवा आणि बाजाराच्या दिवशी झाडाला बांधा. वाचता न येणारीलाही लाल कसा वाढला ते दिसेल. शेजारी पुराची खूण, जुने बियाणे, आटलेल्या विहिरीचा दोर मांडा. सांगायला त्या गावची बाई उभी करा आणि तिच्या दिवसाची मजुरी द्या.

दुसरे, उन्हाची वही. मार्च ते जून, गटातल्या प्रत्येकीने रोज एक ओळ सांगायची आणि लिहिता येणारीने लिहायची : काम कुठे, किती वाजेपर्यंत, पाणी मिळाले का, संडास होता का, चक्कर आली का, मजुरी बुडाली का. २०१० च्या उन्हाळ्यात अहमदाबादमध्ये मृत्यूंचा आकडा फार वाढला, तेव्हा आकडे हाती आल्यावरच २०१३ मध्ये तिथे शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला. नोंद नसेल तर आपला उन्हाळा झालाच नाही असे धरले जाईल. वह्या घेऊन तहसीलदारांकडे जा. रोजगार हमीच्या आणि बांधकामाच्या जागी सावली, पाणी, संडास मागा, दुपारची वेळ बदलून मागा.

तिसरे, दर पावसाळ्याआधी कागदांचे शिबिर. सातबाऱ्यावर बाईचे नाव, घराच्या उताऱ्यावर नाव, बँकेचे खाते तिच्या स्वतःच्या नावाचे, आणि कागदांच्या प्रती गटाच्या पेटीत. हे हवामान बदलाचेच शिक्षण आहे, असे मी निधी देणाऱ्यांनाही सांगते. काही जण मान डोलावतात, काही जण परत येत नाहीत.

चहाच्या वेळच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. मारहाणीची केस आणि उन्हाची वही यांतले एक सोडून दुसरे धरायचे, असे नाही. पीक बुडाले, मजुरी बुडाली, की घरातली मारहाण वाढते, हे आपल्यापैकी ज्या सल्ला केंद्रात बसतात त्यांना मी सांगायला नको. या केंद्रांच्या नोंदवह्यांतच एक रकाना वाढवून सुरुवात करू या : या घरात गेल्या वर्षभरात पीक, मजुरी किंवा घर यांपैकी काय बुडाले? पुढच्या बैठकीला आपापल्या वह्या घेऊन या. तोवर निधीच्या ज्या प्रस्तावांना उत्तर द्यायचे आहे, ते कुणी एकटीने देऊ नये, एवढे आज ठरवावे अशी माझी विनंती आहे.

आता तुम्ही बोला, मी थांबते.